भाताचे मूळ आणि कोरगुटाचे मोल

रानटी भाताची लोंबी पिकली की दाणे आपोआप गळतात. रोपाच्या दृष्टीने ही सोयच. बी चिखलात पसरते आणि वंश पुढे चालतो. माणसाला मात्र कापणीपूर्वीच गळणारा दाणा पुरेसा हाती लागत नाही. आशियातील पाणथळ जागी आजही उगवणाऱ्या ‘ओरायझा रुफिपोगॉन’ या रानटी भातात काही मोजक्या रोपांचे दाणे लोंबीलाच टिकून राहत. कापणीत तेच अधिक गोळा होत आणि पुढल्या हंगामात तेच पेरले जात. या नकळत झालेल्या निवडीतून लागवडीचे भात घडले.

हे एका पिढीत झाले नाही. चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान येथे सुमारे ६,९०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत न गळणाऱ्या भाताचे प्रमाण २७ टक्के होते. पुढील ३०० वर्षांत ते ३९ टक्क्यांवर गेले. जाड, आखूड दाण्याचा ‘जॅपोनिका’ गट या प्रदेशातला. भारतीय उपखंडातील ‘इंडिका’ गटाची वाटचाल वेगळी असली, तरी न गळण्याचा गुण त्याला जॅपोनिकाशी झालेल्या संकरातून मिळाला, असे अनेक अभ्यासक मानतात. पश्चिम आफ्रिकेत तर ‘ओरायझा ग्लाबेरिमा’ ही निराळीच जात स्वतंत्रपणे लागवडीखाली आली.

निवडीला एक किंमत असते. मोजक्याच रोपांचे बी पुढे जाते, तेव्हा मागे राहिलेल्या रोपांचे गुणही मागेच राहतात. १९६६ मध्ये ‘आयआर ८’ हे बुटके, भरघोस पिकणारे वाण आले आणि लाखो एकरांवर एकसारखे भात डोलू लागले. पुढे ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूने आशियातील पीक ग्रासले. तेव्हा हजारो नमुने तपासल्यानंतर प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानटी भाताच्या एका नमुन्यात. पुरात बुडूनही तग धरणाऱ्या आजच्या वाणांचा गुण असाच ओडिशातील एका देशी वाणातून आला.

गोव्याच्या खाजन शेतीतील कोरगुट याच परंपरेतले. खाडीचे खारे पाणी बांध आणि मानशी अडवून धरतात. तरी मातीत मुरलेला खारटपणा कोरगुट सोसते. संकरित वाणे जेथे करपतात, तेथे ते उभे राहते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून खारटपणा सोसणारी ‘गोवा धान’ वाणे विकसित केली.

बियाणे पेढीच्या शीतगृहात नमुना सुरक्षित राहतो, पण तेथे तो बदलत नाही. शेतातले भात मात्र दरवर्षी बदलत्या पाण्याशी आणि मातीशी जुळवून घेत असते. म्हणूनच बांध फुटून एखादे खाजन पडीक राहते, तेव्हा केवळ एका हंगामाचे पीक बुडत नाही. शेकडो हंगामांची निवड त्यासोबत वाहून जाते.