पोटाचा व्यायाम : कोणता व कशासाठीं ?

व्यायामाचा विषय निघाला कीं बहुतेक घरांत पहिला प्रश्न पोटाविषयींचा असतो. दिवसभर टेबलाशीं बसून काम करणाऱ्या गृहस्थांस पोट कमी करावयाचें असतें; तालमींत अथवा जिममध्यें जाणाऱ्या चिरंजीवांस तें कणखर व रेखीव करावयाचें असतें; आणि बाळंतपणानंतर सैल पडलेलें पोट पूर्ववत् व्हावें अशी गृहिणीची इच्छा असते. हे तीन हेतु अगदीं निरनिराळे आहेत. तरीहि तिघें एकच उपाय करतात : उताणें निजावयाचें, पाय कोठें तरी अडकवावयाचे आणि पन्नास-शंभर वेळां उठून बसावयाचें. कांहीं महिन्यांनीं कंबर दुखूं लागते, पोट आहे तसेंच राहतें, आणि व्यायाम सुटतो. आधीं हेतु ठरवावा, पोटाच्या स्नायूंचें खरें काम समजून घ्यावें आणि मग व्यायाम निवडावा, हाच यावरचा मार्ग होय.

या बाबतींत आपल्या सातारा-सांगली भागाचा इतिहास बोधप्रद आहे. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं १८९७ सालीं इंग्लंडांत नांवारूपास आलेल्या सँडो या बलवानाचीं पुस्तकें व साधनें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें नेमानें व्यायाम केला. पुढें १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून त्यांनीं सूर्यनमस्कार सुरू केले आणि मग त्यांचा प्रसार हेंच आपलें व्रत केलें. त्यांच्या संस्थानांतील गांवें आज निरनिराळ्या जिल्ह्यांत वांटलीं गेलीं आहेत. औंध साताऱ्यांत, तर आटपाडी व किर्लोस्करवाडी सांगलींत. तेथील शाळांतून मुलामुलींना नमस्कार शिकविले जात. १९३८ सालीं त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालें.

नमस्कारांत पोटाला काय मिळतें तें पाहूं. पाय मागें नेऊन टांचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेंत धरलें कीं कंबर खालीं झुकूं नये म्हणून पोटाची भिंत ताठ राहते. साष्टांग स्थितींत कपाळ, छाती, हात, गुडघे व पायांचीं बोटें जमिनीला टेकतात, पण पोट टेकूं द्यावयाचें नसतें. तें आंत ओढून धरावें लागतें. पुढच्या स्थितींत छाती वर उचलतांना तीच भिंत ताणली जाते. बैठें काम करणाऱ्या माणसास याहून सोपा, बिनखर्चाचा व सर्वांगीण व्यायाम क्वचितच सांपडेल. मात्र त्याला एक मर्यादा आहे. नमस्कारांची संख्या वाढते, भार वाढत नाहीं. कांहीं महिन्यांनीं दमसांस वाढत राहतो, परंतु स्नायूंची शक्ति व जाडी फारशी वाढत नाहीं. डंबेल-बारबेलची मोठी सोय ही कीं त्यांत भार हळूहळू वाढवितां येतो. म्हणून नमस्कार कीं वजनें हा वादच निरर्थक आहे. आरोग्यासाठीं पहिले पुरेसे आहेत, बलसंवर्धनासाठीं दुसऱ्यांची जोड हवी.

पोटाच्या भिंतींत मुख्यतः चार स्नायु आहेत. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा जाणारा सरळ स्नायु, दोन्ही कुशींत एकावर एक असलेले बाहेरचा व आंतला असे दोन तिरपे स्नायु, आणि सर्वांच्या आंत पट्ट्याप्रमाणें वेढून बसलेला आडवा स्नायु. धड वांकविणें व वळविणें हीं त्यांचीं कामें आहेतच. पण धड वांकूं वा वळूं न देणें, म्हणजे कणा स्थिर राखणें, हें त्यांचें सर्वांत महत्त्वाचें काम होय. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. असल्या मल्लांचें बळ जोर, बैठका व प्रत्यक्ष लढत यांतून घडतें. खांद्यावरून मुद्गल फिरवितांना किंवा प्रतिस्पर्ध्यास उचलतांना पोट हेंच हातापायांना जोडणारें मधलें बंधन असतें. वजनदार गटांतील कित्येक पैलवानांचें पोट मोठें दिसतें, तरी त्याखालची भिंत दगडासारखी असते. बळकट पोट व सपाट पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून ध्यानांत यावें.

आतां निवड. पहिला व्यायाम फळीचा, ज्यास हल्लीं प्लँक म्हणतात : कोंपरें व चवडे टेकून शरीर सरळ धरावें. वीस-तीस सेकंदांचे तीन फेरे पुरेत. सोपें वाटूं लागल्यावर एक पाय उचलावा. दुसरा कर्ल : उताणें निजून गुडघे मुडपावे, पाय कशांतहि न अडकवितां फक्त खांदे उचलावे. पाय अडकविले कीं मांडी वर ओढणारे स्नायु काम करूं लागतात, आणि ते कमरेच्या मणक्यांना जोडलेले असल्यानें तेथें ताण बसतो. पंधरा वेळां सहज जमलें कीं छातीवर वजन घ्यावें. तिसरा लोंबकळण्याचा : बारला धरून गुडघे छातीकडे आणावे व शेवटीं कंबरहि वर वळवावी; नाहीं तर श्रम मांड्यांचे होतात. चौथा अगदीं घरगुती : एका हातांत पाण्यानें भरलेली बादली घेऊन, बाजूला न कलतां चाळीस पावलें चालावें, मग हात बदलावा. यानें कुशींचे तिरपे स्नायु बळावतात.

हे व्यायाम आठवड्यांतून दोन-तीन दिवस, आठ ते पंधरा आवृत्तींचे तीन फेरे, या बेतानें करावे. जे जड वजनें उचलतात त्यांनीं ते शेवटीं करावे. आधींच थकलेलें पोट जड ओझ्याखालीं कमरेस सांभाळूं शकत नाहीं. जोर लावतांना श्वास सोडावा; रक्तदाब असणाऱ्यांनीं श्वास कोंडून धरूं नये. हर्निया किंवा मणक्याचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. बाळंतपणानंतर पोटाच्या मध्यरेषेंत फट राहिली असेल तर कर्ल व फळी दोन्ही लांबणीवर टाकून वैद्यकीय सल्ल्यानें हलक्या श्वसनक्रियेपासून आरंभ करावा.

चरबीविषयींहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. पोटाचा व्यायाम केल्यानें पोटावरचीच चरबी जळते हा समज खरा नाहीं. चरबी साऱ्या शरीरांतून कमी होते, आणि तीहि आहार व एकंदर श्रम यांचा मेळ बसला तरच. ताटांतील भात, साखर व तूप यांचा हिशेब न करितां केलेले कर्ल स्नायूंस बळ देतील, पण घेर कमी करणार नाहींत.

तेव्हां दोन मापें लिहून ठेवावीं. घेर कमी करावयाचा असेल त्यानें महिन्यांतून एकदां शिंप्याची फीत बेंबीभोंवतीं लावावी; बळ वाढवावयाचें असेल त्यानें बादली किती जड झाली व छातीवर किती किलो चढले तें टिपावें. तीन महिन्यांनीं तीं मापें पाहिलीं म्हणजे निवडलेला व्यायाम हेतूस धरून होता कीं नाहीं, हें ज्याचें त्यालाच कळेल.