भिंतीआडच्या यंत्राचा ठावठिकाणा

गणेशपुरीच्या देवळात घंटा वाजली, की ती जवळ आहे की दूर याचा अंदाज आपण आवाजाच्या तीव्रतेवरून बांधतो. पण मध्ये भिंत असेल तर जवळची घंटाही दूरची वाटते. बिनतारी लहरींचेही असेच होते.

गणेशपुरीहून अंबाडीमार्गे भिवंडीकडे गेल्यास मोठमोठी गोदामे दिसतात. समजा, अशा एका गोदामातील हजारो खोक्यांतून आपल्याला एकच शोधायचे आहे. जीपीएस इथे कामाचे नाही. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारे उपग्रहांचे क्षीण संकेत पत्र्याच्या छपराखाली नीट पोहोचत नाहीत. म्हणून खोक्याला ब्लूटूथचा छोटा प्रक्षेपक चिकटवायचा. तो क्षणभर संदेश पाठवतो आणि उरलेला वेळ झोपतो. त्यामुळे नाण्याएवढ्या बॅटरीवरही कित्येक महिने चालतो. छताला लावलेले ग्राहक त्याच्या संकेताची तीव्रता मोजतात.

आता या तीव्रतेवरून अंतर कसे काढायचे? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एकचतुर्थांश होते, म्हणजे ६ डेसिबलने घटते. अंतर दसपट झाल्यास घट २० डेसिबलची. समजा, १ मीटरवर तीव्रता उणे ५९ डीबीएम होती आणि आता उणे ७९ आहे. घट २० डेसिबल, म्हणून अंतर १० मीटर. परंतु सामानाने भरलेल्या जागेत दसपट अंतराला ३० डेसिबलची घटही होऊ शकते. तसे धरल्यास उत्तर सुमारे ४.६ मीटर येते! लॉगॅरिदम शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून हे अवश्य ताडून घ्यावे.

शिवाय ब्लूटूथच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. भिंती व पत्रे यांवरून परावर्तित झालेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, तर कुठे मारक ठरतात. त्यामुळे यंत्र वीतभर सरकले तरी आकडा बदलतो. माणसाच्या शरीरातले पाणीही या लहरी शोषून घेते.

यावर एक व्यवहारी तोड आहे. सूत्रावर भिस्त न ठेवता आधी जागोजागी तीव्रता मोजून नकाशा तयार करायचा आणि नवे वाचन त्यातल्या कोणत्या जागेशी जुळते ते पाहायचे. जणू बोटांचे ठसेच! बहल व पद्मनाभन यांनी २००० साली वर्णन केलेल्या ‘रडार’ या पद्धतीत एका कार्यालयात ३ केंद्रे व ७० ठिकाणांच्या नोंदी वापरल्या होत्या. मध्यक चूक २ ते ३ मीटर आली. मात्र सामान हलले की नकाशाही नव्याने करावा लागतो.

खोके शोधताना एवढी चूक चालून जाईल. परंतु एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’ने जवळ आलेल्या फोनची नोंद ब्लूटूथनेच ठेवली. अशा नोंदीत भिंतीपलीकडचा शेजारी ‘संपर्कातला’ ठरू शकतो, तर शेजारी बसलेला माणूस, फोन शरीराआड गेल्यामुळे, निसटू शकतो. इथे चुकीची किंमत माणसाला मोजावी लागते.

शाळेच्या व्हरांड्यात एका फोनचे हॉटस्पॉट चालू करा. तीव्रता आकड्यांत दाखवणारे अ‍ॅप असलेला दुसरा फोन १, २, ४ व ८ मीटरवर धरून नोंदी घ्या. मग मध्ये एक विद्यार्थी उभा करा. नंतर भिंतीआडून मोजा. प्रत्येक ठिकाणी दहा वाचनांची सरासरी काढा आणि आलेख रेखाटा. तीव्रता आपण मोजतो. अंतर हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. हा भेद मुलांना एकदा हाताने करून कळला, की तो सहसा विसरत नाही.