वाघबारशीचा अभ्यासक्रम

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी होते. वाघोबा हा वाघ-बिबट्यांचा देव; त्याला नैवेद्य दाखवतात, गुराढोरांची राखण कर म्हणून विनवतात. या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांत शिकणारी कितीतरी मुले अशाच पाड्यांवरची आहेत. जनावराची वाट आणि वेळ त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. वर्गात मात्र प्राण्यांचे वर्तन प्राणिशास्त्राच्या एका प्रकरणात आणि वाघोबा समाजशास्त्रात, अशी वाटणी होते. ही वाटणी मोडायला हवी, कारण बिबट्याचे वागणे कुठल्याही एका शास्त्राला उलगडत नाही. महाराष्ट्रातल्या संशोधनानेच ते दाखवले आहे.

जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम निघाली आणि ही सरासरी १७ वर गेली. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे मांडले. पुढे अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात त्यांना दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले. या बिबट्यांची बरीचशी गुजराण गावातल्या कुत्र्यांवर होती. बिबटे शेतशिवारात राहतात आणि त्यांना हलवण्याची मोहीम अंगलट येते, म्हणजे हा प्रश्न प्राणिशास्त्राचा, तितकाच पीकपद्धतीचा आणि प्रशासनाचाही. २०२१ मध्ये अत्रेय यांचा सहभाग असलेल्या गटाने पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वाघोबाच्या १५० ठाण्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यासाठी संशोधक वारल्यांशी बोलले, पूजेलाही हजर राहिले. बिबट्याशेजारी राहण्याची रीत समजून घ्यायला दुसरा मार्ग नव्हता.

वानरांचेही तसेच. टोळीचा ताबा घेणारा नर पिल्ले मारतो, हे सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ नोंदवले. काहींनी त्याला गर्दीतून आलेली विकृती म्हटले. मानववंशशास्त्रातून आलेल्या सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवरून त्यात नराचा प्रजननातला फायदा दाखवला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी याच प्राण्यांची कहाणी आहे. तेव्हा अशा एकत्र वर्गात मराठी विभागानेही बसावे.

निको टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये वर्तनाला चार प्रश्न विचारायला शिकवले: ते घडते कसे, आयुष्यात घडत कसे जाते, जगायला उपयोग काय, आणि उत्क्रांतीत आले कुठून. हे प्रश्न घेऊन पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या वलगणीच्या माशांमागे ओहोळावर जावे. भौतिकशास्त्राने प्रवाहाचा वेग मोजावा, रसायनशास्त्राने पाण्यातला प्राणवायू, प्राणिशास्त्राने गाभोळी तपासावी, भूगोलाने माशांची वाट नकाशावर आणावी. मासे कधी चढतात याचे म्हाताऱ्यांचे ठोकताळे मुलांनी आधी लिहून घ्यावेत, मग नोंदींवर पारखावेत. काही टिकतील, काही गळतील; ज्यांनी ते सांगितले त्यांची नावे, त्यांच्या संमतीने, अहवालात यावीत.

आंतरविद्याशाखीय शिक्षणाची भाषा २०२०च्या राष्ट्रीय धोरणात आहे. जव्हार-मोखाड्यात त्यासाठी ओढा, रान आणि पाहायला सरावलेले डोळे आहेत. विभागांनी एकत्र वेळापत्रक आखले, तर इथली मुले माहिती पुरवणारी न राहता संशोधक होतील.