मोठ्या मोटारीचा मागचा दांडा

मोटार वेगानें वळली कीं आंत बसलेलीं माणसें बाहेरच्या अंगाला कलतात आणि त्यांच्याबरोबर मोटारीचा सांगाडाही झुकतो, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेंतील शेव्हर्ले सबर्बनसारख्या थोरल्या एसयूव्हींत तो विशेष जाणवतो. १९३५ सालापासून चालत आलेल्या या नांवाच्या गाडीचा २०१५ ते २०२० मधील नमुना सुमारें ५.७ मीटर लांब व अदमासें २,५०० किलो वजनाचा आहे. हें झुकणें कमी व्हावें म्हणून अशा गाड्यांचे मालक बाजारांतून अधिक जाड असा मागचा स्वे बार आणून बसवितात. त्याचें कार्य काय आणि मर्यादा कोणत्या, हें आज पाहूं.

हा दांडा स्प्रिंगच्या पोलादाचा असून दोन्ही टोकांशीं काटकोनांत वळविलेला असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांत धरून, गाडीच्या रचनेप्रमाणें, अॅक्सलला किंवा चॅसिसला आवळतात. दोन्ही टोकें आंखूड जोडदांड्यांनीं समोरच्या भागाशीं जोडतात. दोन्ही चाकें एकदम उंचवट्यावर चढलीं तर दांडा बुशांत नुसता फिरतो. परंतु गाडी एका अंगाला झुकली कीं एक टोक वर व दुसरें खालीं ओढलें जातें, आणि ओलें धोतर पिळावें तसा दांडा पिळला जातो. या पिळाला पोलाद जो विरोध करतें, तोच झुकणें आवरतो. या युक्तीचें पेटंट कॅनडांतील स्टीफन कोलमन यांस १९१९ सालीं मिळालें.

दांड्याची ताठरता त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढते. आकार तोच ठेवून १ इंचाच्या भरीव दांड्याऐवजीं सव्वा इंचाचा घातला, तर जाडी पावपट वाढते. ताठरता मात्र जवळजवळ अडीचपट होते. म्हणून ‘थोडासा जाड’ हे शब्द येथें फसवे आहेत.

बसवितांना गाडी सपाट जमिनीवर घेऊन पुढच्या चाकांना अडणी लावावी. गाडी उचलल्यास तिचा भार मजबूत स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. जुना दांडा काढून नवा बरोबर मधोमध बसवावा. पॉलियुरेथेनचे बुश असल्यास आंतून सिलिकोन ग्रीस लावावें, नाहीं तर ते कुरकुरतात. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर व खालीं टांगलेलें जादा चाक यांना दांडा घासत नाहीं, हें पाहावें. रबरी सांधे शेवटचे आवळतांना गाडीचा भार चाकांवर असावा, म्हणजे रबर उगाच पिळलेलें राहत नाहीं. बोल्ट टॉर्क पान्यानें, कारखान्यानें सांगितलेल्या मापानें आवळावे, आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर पुन्हां तपासावे. टोकाला एकाहून अधिक भोकें असतील तर प्रथम अगदीं शेवटचें वापरावें. वांकाकडे जावें तसा दांडा अधिक ताठर होतो.

आतां मुख्य मुद्दा. वळणावर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो, तो हा दांडा फारसा कमी करीत नाहीं. त्यांतील अधिक वांटा मागच्या चाकांकडे वळवितो, एवढेंच. त्यामुळें वळणावर पुढून सरळ जाऊं पाहणारी जड गाडी अधिक आज्ञाधारक होते. मात्र दांडा अति ताठर झाला, तर ओल्या रस्त्यावर मागचीं चाकें आधीं पकड सोडतात व गाडीचें शेपूट बाहेर फिरतें. खडबडीत वाटेवर एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोंचतो, हा आणखी एक तोटा.

गाडी उलटण्याचा धोका तर निराळाच हिशेब आहे. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षा खात्यानें २००१ सालच्या नमुन्यांपासून त्यासाठीं एक साधें प्रमाण घेतलें: डाव्याउजव्या चाकांतील अंतराच्या निमपटीला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. या दोन्हीं संख्यांपैकीं एकही आपल्या दांड्यानें बदलत नाहीं. उलट, छपरावर सामान लादलें कीं गुरुत्वमध्य वर जातो आणि धोका वाढतो.

गाडीचें झुकणें ही चालकाला मिळणारी सूचना असते. दांड्यानें ती मंद होते. वळणाचा जोर मात्र तेवढाच राहतो, आणि वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. म्हणून दांडा अवश्य बसवावा, प्रवास सुखाचा करावा. परंतु वळणावरचा वेग पूर्वीं होता तेवढाच ठेवावा. मागच्या आसनावर आपलींच मुलेंबाळें बसलेलीं असतात.