उतरतं वजन आणि ब्रेसियरचं माप

शिंप्यांच्या बोलीत एक शब्द आहे : माया. ब्लाऊज शिवताना बाजूच्या शिवणीत आतल्या अंगाला बोट-दोन बोटं कापड जादा ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर शिवण उसवून माया सोडायची, अंग उतरलं तर आतून आणखी एक शिवण मारायची. चांगल्या कापडाचा ब्लाऊज ह्या मायेवर दहा-दहा वर्षं निघतो. आपल्या जुन्या खणाच्या चोळीला तर तेवढंही करावं लागत नसे. तिची पुढची दोन टोकं छातीखाली गाठ मारून बांधायची. अंग सुटलं की गाठ सैल, वाळलं की गाठ घट्ट. बाळंतपण, आजारपण, म्हातारपण, सगळ्याला तीच चोळी पुरे.

ब्रेसियर ही तयार, मापात कापलेली वस्तू. तिच्या शिवणीत माया नसते. म्हणून ज्या बाईचं वजन उतरत असतं तिची मोठी पंचाईत होते. आज घेतलेली वस्तू चार महिन्यांनी अंगाला लागत नाही, आणि चांगली वस्तू काही स्वस्त नसते. ह्या पंचाइतीतून कमी पैशांत वाट कशी काढायची, ते आज सांगायचं आहे.

आमच्या आज्या हिला 'बॉडी' म्हणत, आमच्या विद्यार्थिनी 'ब्रा' म्हणतात. पुरुषाने ह्या विषयावर बोलावं का, असं कोणी विचारील. मी अर्थशास्त्र शिकवतो. जी वस्तू घराघरांत लागते पण घरच्या हिशेबात जिचं नाव घेतलं जात नाही, तिच्या बाजारात गिऱ्हाईक हमखास नाडलं जातं. ते दुकानदाराला धड प्रश्न विचारत नाही, शेजारणीशी तुलना करत नाही, कागदात गुंडाळून दिलेलं घेऊन घरी येतं. लाजेची किंमत अशी रोकड मोजावी लागते. तेव्हा बोललेलं बरं.

आधी ही मापं आली कुठून ते पाहू. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब ह्या तरुणीने दोन हातरुमाल नि थोडी रिबीन जोडून एक साधं अंतर्वस्त्र केलं आणि 1914 साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे तिने ते वॉर्नर ह्या कॉर्सेटवाल्या कंपनीला दीड हजार डॉलरांना विकून टाकलं. ए, बी, सी, डी ही अक्षरं 1930 च्या दशकात रूढ झाली. तेव्हापासून मापाचे दोन भाग आहेत : एक आकडा आणि एक अक्षर. आकडा पट्ट्याचा, म्हणजे छातीखालून पाठीला वळसा घालणाऱ्या भागाचा. अक्षर कटोरीचं.

गोंधळ आहे तो अक्षराचा. पुष्कळ बायकांना वाटतं की सी म्हणजे एक ठराविक आकार, लहान-मोठ्या ताटल्यांसारखा. तसं नाही. अक्षर म्हणजे दोन मापांतला फरक. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून टेप फिरवून जे माप येतं त्यातून पट्ट्याचा आकडा वजा करायचा. एक इंच उरला तर ए, दोन उरले तर बी, तीन उरले तर सी, चार उरले तर डी. आता समजा एका बाईचा पट्टा 36 आणि वरचं माप 39. फरक तीन, म्हणजे 36 सी. तिचं वजन उतरलं. पट्टा 34 वर आला, वरचं माप मात्र 38 पर्यंतच उतरलं. फरक चार. म्हणजे आता 34 डी! बाई म्हणते, "अगबाई, मी बारीक झाले नि अक्षर कसं वाढलं?" ती शरमेने 34 बी घेऊन येते नि दिवसभर काचत बसते. वास्तविक 36 सी ची कटोरी आणि 34 डी ची कटोरी ह्यांत मावणारं आकारमान जवळजवळ सारखंच असतं. कटोरी तीच राहिली, नुसता पट्टा आखूड झाला. पट्ट्याचा आकडा एक पायरी खाली गेला की तीच कटोरी राखायला अक्षर एक पायरी वर जातं. एवढं एक सूत्र ध्यानात राहिलं तरी दुकानातले निम्मे चुकीचे सौदे टळतील.

वजन उतरताना शरीरात काय घडतं तेही समजून घ्यायला हवं. बरगड्यांचा पिंजरा काही लहान होत नाही, पण त्याच्यावरची, विशेषतः पाठीवरची नि काखेखालची चरबी कमी होते, म्हणून पट्टा सैल पडतो. स्तनांत दूधग्रंथी असतात आणि चरबीही असते. हे प्रमाण प्रत्येकीचं वेगळं. जिच्यात चरबीचा भाग अधिक तिची कटोरी लवकर रिकामी होते, दुसरीची फारशी बदलतही नाही. म्हणून अमुक किलोला अमुक माप कमी, असं कोष्टक करता येत नाही. महिन्यातून एकदा टेप लावणं हाच मार्ग. आणि हो, बदल दोन्ही बाजूंना साधारण सारखा व्हावा. एकाच बाजूचा आकार बदलला, गाठ लागली, किंवा काही न करता वजन उतरू लागलं, तर शिंप्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जायचं.

ही निव्वळ सोयीची बाब आहे असं कोणी समजू नये. माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोज पाऊण तास झपाझप चालायला सांगितलं. ताई दीड महिना चालली, काट्यावर फरक दिसू लागला, आणि एकाएकी तिने चालणं सोडलं. कारण विचारलं तर "गुडघे दुखतात" एवढंच. खरं कारण आमच्या हिने काढून घेतलं. "वन्सं, पाठीमागे पट्टा कुठे चढलाय बघा," ती म्हणाली. पट्टा पार खांद्यांच्या पात्यांपर्यंत चढला होता, सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर आला होता, खांद्यांना वळ पडले होते, नि खाली घामाने कातडी लाल झाली होती. "अगं, आहे ते वापरून संपवावं म्हटलं. बारीक झाले की एकदमच घेईन," हे ताईचं उत्तर. पोटाला चिमटा काढून संसार केलेली बाई दुसरं काय म्हणणार? पण ह्या काटकसरीत चालणं बंद पडलं आणि साखर पुन्हा चढली. तो खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा?

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात ह्याच विषयावर संशोधन करणारा एक गट आहे. चालता-धावताना छातीचा भाग नुसता वर-खाली नव्हे, तर आत-बाहेर नि डावी-उजवीकडेही हलतो, असं त्यांच्या मोजमापांतून दिसलं आहे. आधार नसेल तर दुखणारच. अमेरिकेत व्हर्मांट राज्यात 1977 साली तिघी बायकांनी धावण्यासाठी खास ब्रेसियर तयार केली. पुरुष खेळाडू वापरतात ते दोन लंगोटवजा आधारपट्टे एकत्र शिवून त्यांनी तिचा पहिला नमुना केला होता! गरज पडली की बायका कशातून काय उभं करतील सांगता येत नाही.

आता खरेदीकडे वळू. ब्रेसियरच्या शिवणीत माया नाही खरी, पण पाठीमागे हुकांसाठी आकड्यांच्या बहुधा तीन रांगा असतात. दोन रांगांत अर्धा ते पाऊण इंच अंतर, म्हणजे एकूण एक ते दीड इंच. हीच तिची माया समजा. जिचं वजन उतरतंय तिने नवी वस्तू सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेवर बरोबर बसेल अशीच घ्यावी. वजन उतरेल तशी एकेक रांग आत यावं. पुष्कळजणी उलटं करतात : पहिल्याच दिवशी सर्वांत आतल्या रांगेवर बसणारी घेतात आणि महिन्याभरात ती निकामी होते. त्याच कारणाने पुढून हूक असलेली ह्या काळात घेऊ नये. तिला बहुधा एकच रांग असते.

दुसरं, कटोरी कशी हवी? साच्यात दाबून घडवलेली, आत फोम असलेली कटोरी आपला आकार सोडत नाही. आतलं अंग कमी झालं तरी ती तशीच ताठ उभी, रिकाम्या वाटीसारखी, आणि ब्लाऊजवर खड्डा दिसतो. त्यापेक्षा साध्या कापडाची, शिवणीची किंवा थोड्या ताणाच्या कापडाची कटोरी बरी. ती अंगाबरोबर उतरते, आणि शिंपी तिला खालून एक बारीक टक्स घालू शकतो. माझ्या मते वजन उतरत असेपर्यंत हीच घ्यावी, दिसायला किती का साधी असेना.

माप घरीच घेऊन जावं. पुण्याच्या तुळशीबागेत काय नि गावच्या आठवडी बाजारात काय, घालून पाहायची सोय नसते. टेप छातीखाली, श्वास सोडून, घट्ट नि जमिनीला समांतर. विषम आकडा आला तर वरचा सम धरावा. टेप फार जुना असेल तर लोखंडी पट्टीला लावून पाहा. कापडी टेप वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने लांबतो. शिवाय एक कटकट आहे : काही कंपन्या छातीखालचं माप तसंच धरतात, काही त्यात चार-पाच इंच मिळवून आकडा छापतात. त्यामुळे एकीचा 34 तो दुसरीचा 34 नव्हे. वेष्टनावरचा तक्ता इंचांशी ताडून पाहावा. आणि पहिल्यांदा एकच नग घ्यावा, तोही "बसला नाही तर बदलून द्याल ना?" असं आधी ठरवून.

घरी घालून पाहताना चार गोष्टी बघायच्या. पट्टा मागे-पुढे एका रेषेत आहे ना? त्याच्याखाली दोन बोटं जातात पण मूठ जात नाही ना? हात वर केले तर खालून सरकत नाही ना? खांद्यावरचे पट्टे क्षणभर उतरवले तरी ती जागेवर राहते ना? राहिली पाहिजे, कारण भाराचा मोठा वाटा खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो.

किती घ्याव्यात? वजन उतरताना तीन पुरेत. एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. स्वस्त म्हणून सहा घेतल्या तर माप बदलताना चार जवळजवळ कोऱ्याच राहतात. समजा 150 रुपयांची एक अशा सहा घेतल्या, 900 गेले, आणि दोनच वापरल्या. त्याऐवजी 250 च्या तीन घेतल्या तर 750 त भागतं, आणि तिन्ही झिजेपर्यंत वापरल्या जातात. भारी वस्तू घ्यायची ती सलग दोन-तीन महिने टेपवर तोच आकडा आला की मग.

हुकांच्या रांगा संपल्या तरी वस्तू लगेच टाकू नये. कटोरी अजून बरोबर बसत असेल तर शिंपीणबाईला सांगून मागची हुकांची पट्टी उसवावी, पट्टा इंचभर कापावा आणि पट्टी पुन्हा शिवून घ्यावी. नव्या नगाच्या मानाने ही मजुरी किरकोळ असते. ही युक्ती फार तर दोन इंचांपर्यंत चालते. त्यापुढे खांद्याचे पट्टे मागे नको तितके जवळ येतात आणि कटोऱ्या काखेकडे ओढल्या जातात. तार असलेली असेल तर तारेला हात लावायचा नाही.

राहता राहिलं धुणं. ताणाचा धागा उष्णतेने नि ब्लीचने मरतो, म्हणून गरम पाणी, ब्लीच नि इस्त्री वर्ज्य. गार पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवावी, पिळू नये, नुसती दाबावी. आपल्याकडे ती दोरीवर टॉवेलाखाली किंवा परकराखाली लपवून वाळत घालतात. तिथे ना वारा ना ऊन. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात तर ती दोन-दोन दिवस दमटच राहते, तशीच अंगात जाते, आणि छातीखाली घामाच्या जागी बुरशीचं खरजणं सुरू होतं. भर उन्हात ताण लवकर जातो हे खरं, पण त्याला उपाय सावलीतला वारा, लपवणं नव्हे. खोलीत पंख्याखाली, आतली बाजू बाहेर करून, कटोऱ्यांच्या मधल्या जोडावर दोरीवर टाकावी. खांद्याच्या पट्ट्यांनी टांगली तर पाण्याच्या वजनाने पट्टे लांबतात.