शांतता सातबाऱ्यावर नसते
जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपूरच्या पुढे आपण प्लॉट बघायला जातो आणि म्हणतो, ‘जागा शांत आहे बरं का!’ ही शांतता कोणाची? बहुधा शेजारच्या कपाशीच्या शेताची. तत्त्वज्ञानात आम्ही वस्तू आणि संबंध असा भेद करतो. घर ही वस्तू, ती विकत मिळते. शांतता हा संबंध. शेजारचं शेत बिनशेती झालं की ती गेली. म्हणून आपले कागद तपासून झाले की विकास आराखडाही बघावा: पलीकडून रस्ता कुठून जाणार आहे? धुळ्याची नवी पेठ कॅप्टन ब्रिग्जने सरळ रस्ते आखून वसवली. आपण घर आधी बांधतो, रस्ता मग शोधतो. आणि हो, आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. बिल्डर रंग दाखवेल. आपण पायाचं विचारावं.