सरळ रेषा ओढणारं विमान

रिमोटवर उडणाऱ्या कसरतीच्या विमानाकडून सगळ्यात अवघड मागणी कोणती, तर सरळ रेषेची. आडवी, सरळ उभी, ४५ अंशांत चढती, पाठीवर उडतानाची, कुशीवर उडतानाची. ‘एफ३ए’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा २ मीटरच्या आत ठेवावा लागतो. वैमानिकापासून साधारण १५० मीटरवर, डावी-उजवीकडे ६०-६० अंशांच्या अदृश्य चौकटीत सगळ्या कसरती करायच्या असतात. परीक्षक प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण देतात आणि दिशा ढोबळमानाने १५ अंशांनी चुकली की एक गुण जातो. इथे वैमानिकाच्या हातात कितीही कसब असलं, तरी विमान स्वतःहून कुठेतरी वळत असेल तर ते कसब त्याची खोड सावरण्यातच खर्ची पडतं. ही खोड मोडण्याच्या कामाला मॉडेल उडवणारे ‘ट्रिमिंग’ म्हणतात. या छंदातलं सगळ्यात बुद्धिमान काम मला तेच वाटतं.

१९६० साली स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फला या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचा एड काझमिर्स्की ‘ओरायन’ नावाच्या विमानावर ती जिंकला. तेव्हाचे रेडिओ ‘रीड’ पद्धतीचे होते. स्विच दाबला की पातं हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, थेट टोकाला जायचा, सोडला की मध्यावर परतायचा. मधलं काही नाही. अशा यंत्रणेवर सुरेख उडायचं तर विमान मुळातच निर्दोष असणं भाग होतं. पुढे कांडी हलवावी तितकीच पाती हलवणारे प्रपोर्शनल रेडिओ आले. असे रेडिओ स्वतः बनवणारा फिल क्राफ्ट १९६७ मध्ये ‘क्विक-फ्लाय’ विमानावर जगज्जेता झाला आणि १९७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनरने ‘कुरारे’वर विजेतेपद घेतलं. आजच्या ट्रान्समीटरमध्ये डझनभर ‘मिक्स’ सहज बसतात. एक पातं हललं की दुसरं आपोआप किती हलावं, हे त्यात आधीच ठरवून ठेवता येतं. या सोयीमुळे मूळ दोष शोधायचा कंटाळा करणारे पुष्कळ झाले आहेत. मिक्स एका ठरावीक वेगाला बरोबर लागतो, वेग बदलला की कमी-जास्त पडतो. मुळातला दोष काढला तर विमान सगळ्या वेगांना सरळ जातं.

म्हणून पहिलं काम टेबलावरचं. दोन्ही पंखांचे आणि शेपटीचे कोन मोजून घ्यायचे. पंखांच्या टोकांपासून शेपटीच्या मध्यापर्यंतची अंतरं दोरीने ताडून पाहायची. नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरची, म्हणजे आडव्या शेपटीची, दोन्ही पाती सारखीच हलतात का, हेही नीट बघायचं, नाहीतर लूपमध्ये, म्हणजे उभ्या वर्तुळात फिरताना, विमान हळूच कलतं आणि कारण सापडत नाही. सांध्यात ढिलेपणा अजिबात नको. पातं मध्यावर असताना सर्व्होचा हात त्याला पात्याशी जोडणाऱ्या पुशरॉडशी काटकोनात हवा आणि सर्व्होची हालचाल शक्य तितकी पूर्ण वापरली जावी. हात लांब लावून ट्रान्समीटरमधून हालचाल निम्म्यावर आणली, तर सर्व्होची ताकदही वाया जाते आणि बारकावाही.

मग हवा. आपल्याकडे पाऊस सरल्यानंतरच्या, कार्तिक-मार्गशीर्षातल्या सकाळी या कामाला फार छान. उन्हं तापली की पठारावरची हवा जागोजाग वर उठू लागते. मग विमान हललं ते स्वतःच्या दोषाने की हवेने, हे सांगता येत नाही. नेहमीच्या वेगात विमान सरळ-सपाट न्यायचं, कांड्या सोडायच्या आणि हात न लावता ते सरळ जाईपर्यंत ट्रिम, म्हणजे पात्यांना किंचित कायमचा कल, द्यायचं.

यानंतर गुरुत्वमध्य, आणि इथे घाई करू नये. विमान ४५ अंशांत चढवायचं, रोल करून पाठीवर घ्यायचं आणि एलिव्हेटर सोडून द्यायचा. नाक झपकन जमिनीकडे वळलं तर विमान नाकाला जड आहे. उलट ते आणखी वर चढू लागलं तर शेपटीला जड. काही अंतर सरळ जाऊन नाक अगदी हळू खाली आलं, तर जागा जवळपास बरोबर. विजेवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेलमधली बॅटरी साधारण १.२ किलोची असते. ५ किलोच्या विमानात ती १० मिलिमीटर सरकवली की गुरुत्वमध्य सुमारे अडीच मिलिमीटर सरकतो. एवढ्यानेही विमानाचा स्वभाव बदलतो.

शक्ती बंद करून विमान सरळ खाली सोडलं, की बरीच विमानं कॅनोपीच्या, म्हणजे पाठीच्या, बाजूला ओढ घेतात. सपाट उडताना पंखांनी विमानाचं वजन पेलावं असं आपण एलिव्हेटर लावलेला असतो. उभं खाली येताना पेलायला वजनच उरत नाही, तरी पंख उचलतच राहतात. नाक जड असेल तर एलिव्हेटर जास्त वर लावावा लागलेला असतो, त्यामुळे वेग वाढला की ओढही वाढते. इथला उपाय गुरुत्वमध्य थोडा मागे नेण्याचा किंवा पंख-शेपटीच्या कोनांतला फरक कमी करण्याचा. त्यानंतरही बारीकशी ओढ उरली, तर थ्रॉटल पूर्ण खाली असताना एलिव्हेटर किंचित खाली देणारा मिक्स वापरायला माझी हरकत नाही.

एक पंख जड असणं आणि एक पंख पिळलेला असणं, सपाट उडताना ही दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. दोन्ही दुखणी एलेरॉनच्या, म्हणजे पंखांवरच्या पात्यांच्या, ट्रिमने झाकली जातात. फरक कळतो लूपमध्ये. जोराच्या लूपमध्ये प्रत्येक वस्तूचं वजन तीन-चार पट होतं, एलेरॉनचं ट्रिम मात्र तेवढंच राहतं. जड पंख मग बाहेरच्या बाजूला लटकतो. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही लूप करावेत. दोन्हींत तोच पंख बाहेर पडला, तर विरुद्ध बाजूच्या पंखाच्या टोकात काही ग्रॅम शिसं घालावं.

उभ्या चढावर पूर्ण शक्तीत विमान डावीकडे झुकतं. पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली पिळदार हवा उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते, शेपूट उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे जातं. म्हणून मोटर दोन-तीन अंश उजवीकडे वळवून बसवतात. हा कोन ठरवताना वारा नसावा, कारण वाऱ्याने वाहून जाणं आणि नाक वळणं दुरून एकसारखंच भासतं.

कुशीवर उडणं, म्हणजे ‘नाइफ एज’, सगळ्यात शेवटी तपासावं. पंख उभे, सारा भार धडावर आणि रडरवर, म्हणजे उभ्या शेपटीच्या पात्यावर. रडर दिला की विमान पोटाकडे किंवा कॅनोपीकडे खेचतं, शिवाय थोडं रोलही होतं. रडर दिला त्याच दिशेने रोल होत असेल तर पंखांना टोकांकडे वर दिलेला कोन जास्त आहे. पोटाकडे खेचत असेल तर गुरुत्वमध्य आणखी थोडा मागे नेऊन बघावा. उरलेल्यासाठी मिक्स आहेतच, डाव्या आणि उजव्या रडरला वेगवेगळे.

मात्र गुरुत्वमध्य हलला की एलिव्हेटरचं ट्रिम बदलतं, ते बदललं की उभी उतरण बदलते. त्यामुळे एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा आणि मागच्या पायऱ्या पुन्हा तपासाव्यात. हे कंटाळवाणं वाटतं खरं, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

अलीकडे एकामागे एक बसवलेले, उलटसुलट फिरणारे दोन पंखे वापरले जातात. मागचा पंखा पुढच्याचा पीळ सोडवतो, त्यामुळे डावीकडची ओढ जवळजवळ नाहीशी होते आणि मोटर वळवून बसवायचं कारण उरत नाही. उभ्या चढात विमान कसं सरळ जातं, ते पाहत राहावं! ही जोडणी महाग आहे आणि नाकाशी वजनही वाढवते. ती जुन्या विमानावर चढवणाऱ्याने बॅटरी मागे सरकवायला धडात जागा आहे का ते आधी मोजावं.